मुळा-मुठेच्या माशांना मराठी नावं देणारा कर्नल साइक्स आज परभणीच्या गोदावरीला का हवा आहे?

गंगाखेडला गोदाकाठी किंवा परभणीच्या मासळी बाजारात गेलात तर टोपल्यांमधली नावं साधारण ठरलेली असतात. कटला, रोहू, मृगळ. सोबत सायप्रिनस आणि चिलापी.

आता या माशांचं मूळ गाव बघा. कटला, रोहू आणि मृगळ मूळचे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले मानले जातात. सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प, त्याचं मूळ युरोप-आशियात. चिलापी म्हणजे तिलापिया, तो थेट आफ्रिकेतला.

म्हणजे गोदावरीच्या काठावर उभं राहून आपण जे मासे विकत घेतो, त्यातले बरेचसे गोदावरीचे नाहीतच. मग गोदावरीचे स्वतःचे मासे गेले कुठं?

काही अजून आहेत. वाम, मरळ, शिंगटी जाळ्यात येतात. पण पूर्वी ते नदीच्या कोणत्या भागात राहायचे, कुठं अंडी घालायचे, आता कुठं सरकले, हे सांगायचं तर आधीची नोंद हवी. परभणी जिल्ह्याची तशी जुनी नोंद नाही. दोनशे वर्षांपूर्वी हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि दख्खनच्या नद्यांमधले मासे मोजत फिरणाऱ्या माणसाचं काम इंग्रजांच्या हद्दीपुरतं होतं.

त्या माणसाचं नाव विल्यम हेन्री साइक्स. पक्ष्यांची आवड असणाऱ्यांना हे नाव माहीत असतं, कारण माळरानावरच्या एका चंडोलाला आजही साइक्सचा चंडोल म्हणतात. पण त्याचं सगळ्यात उपयोगी पडलेलं काम बहुतेक माशांचं आहे.

चौदाव्या वर्षी फौजेत

साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी म्हणजे मध्यमवर्गीय घरातल्या पोरांसाठी नशीब काढायची वाट होती. साइक्सही त्याच वाटेनं आला. १८०४ मध्ये तो कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला तेव्हा त्याचं वय होतं फक्त चौदा.

दुसऱ्याच वर्षी तो लॉर्ड लेकच्या फौजेबरोबर भरतपूरच्या वेढ्यात होता. पुढची बारा वर्षं लष्करात गेली. मग आला नोव्हेंबर १८१७. खडकीला पेशव्यांची फौज आणि कंपनीची फौज समोरासमोर आली. या लढाईत आणि त्यानंतर पुणे ताब्यात घेणाऱ्या लढाईत साइक्स हिंदी शिपायांच्या तुकडीचं नेतृत्व करत होता.

म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हा हा माणूस जिंकणाऱ्यांच्या बाजूनं मैदानात होता. पुढं ज्या मुळा-मुठेतल्या माशांची त्यानं यादी केली, त्याच नद्यांच्या परिसरात त्यानं आधी तलवार चालवली होती.

१८१९ मध्ये तो कॅप्टन झाला. १८२० मध्ये रजा घेऊन युरोपला गेला आणि चार वर्षं तिकडंच फिरला.

राज्य जिंकलं, पण त्यात आहे काय?

१८२४ मध्ये साइक्स परत आला तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशव्यांचा मुलूख हातात येऊन सहा वर्षं झाली होती. पण या मुलखात माणसं किती, जमिनीची मालकी कुणाची, पीक काय, धान्याचा भाव काय, पाऊस किती, याची कंपनीकडं नीट माहिती नव्हती. माहिती नसेल तर सारा ठरवणार कसा?

एल्फिन्स्टननं साइक्सला एक नवं पद दिलं. स्टॅटिस्टिकल रिपोर्टर. सोप्या भाषेत, दख्खनची सगळी आकडेवारी गोळा करणारा अधिकारी.

काम महसुलाचं होतं, पण साइक्सला थांबायचं कुठं हे माहीतच नव्हतं. त्यानं लोकसंख्या लिहिली, जमिनीचे हक्क लिहिले, बाजारभाव लिहिले. हवेचा दाब आणि तापमान मोजलं. आणि वाटेत जे जे जिवंत दिसलं तेही लिहून ठेवलं. पक्षी, सस्तन प्राणी, रानरेशमाचे किडे आणि नदीतले मासे.

१८२९ च्या शेवटी सरकारनं हे पदच बंद केलं. साइक्सला लष्करात परत जाता आलं असतं. पण काम अर्धवट राहिलं होतं. त्यानं लष्करी कामातून रजा मागितली आणि आपलं सर्वेक्षण पूर्ण करत राहिला. १८३१ च्या सुरुवातीला ते संपलं, तेव्हाच तो इंग्लंडला निघाला.

पद गेल्यावरही केलेलं हे काम नसतं, तर आज आपल्या हातात काय उरलं असतं, सांगता येत नाही.

माशाला विचारलं नाव, भोयानं सांगितलं तेच ठेवलं

इंग्लंडला पोचल्यावर साइक्सनं एकेक यादी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. १८३२ मध्ये पक्ष्यांची यादी आली. त्यात एका रातव्याला त्यानं महराटेन्सिस असं नाव दिलं, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला.

माशांची पाळी आली नोव्हेंबर १८३८ मध्ये. लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढं त्यानं दख्खनच्या माशांवरचा निबंध मांडला. १८३९ मध्ये त्याचा सारांश छापून आला आणि १८४१ मध्ये चित्रांसह पूर्ण निबंध. त्यात चाळीसहून अधिक जातींची वर्णनं होती आणि त्यातल्या बहुतेक त्याच्या मते विज्ञानाला नव्या होत्या.

या यादीतली गंमत नावांमध्ये आहे. शास्त्रीय नावं साधारण लॅटिन किंवा ग्रीक असतात. साइक्सनं काही नावं लंडनमधल्या ओळखीच्या मंडळींची दिली. व्हिगर्स, ओगिल्बी, चिल्ड्रन, ओवेन हे त्यातले काही. पण बाकीच्या नावांसाठी त्यानं नदीकाठच्या लोकांचे शब्द घेतले, जसे कानावर पडले तसे.

म्हणून आज जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ लॅटिन समजून जे शब्द वापरतो ते मुळात मराठी आहेत. खुद्री, कोलुस, मसुल्ला, पोटैल, नुक्टा, फुलंगी, बोगट, मुल्या, शिंगटी. उच्चार इंग्रजी कानानं थोडे वाकवले आहेत, पण आपल्या नदीकाठचा माणूस ऐकला की ओळखतो.

आणि एक गोष्ट त्यानं केली, जी आज सोन्याच्या मोलाची आहे. अनेक माशांपुढं त्यानं नदीचं नाव लिहिलं. खुद्री, म्हणजे आपला महसीर, पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत. मसुल्ला शिरूरजवळ घोड नदीत. नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला नुक्टा इंद्रायणीत. काही मासे भीमेत पेडगावला.

साइक्स काही मत्स्यशास्त्रज्ञ नव्हता. त्याची वर्णनं कधी कधी तोकडी आहेत आणि त्यानं ज्यांवरून वर्णनं लिहिली ते अनेक नमुने आज उपलब्ध नाहीत. त्यामुळं त्याचा अमुक मासा म्हणजे नेमका कोणता, यावर नंतरच्या शास्त्रज्ञांनी बरेच वाद घातले. त्यातला एक वाद दीडशे वर्षांनी महागात पडला. त्याकडं पुढं येऊ.

फौजी, खासदार आणि फुग्यांचा शौकीन

१८३३ मध्ये साइक्स कर्नल म्हणून निवृत्त झाला. पण निवृत्ती नावालाच. १८३४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. त्याच वर्षी लंडनमध्ये स्टॅटिस्टिकल सोसायटी सुरू झाली, तिच्या संस्थापकांमध्ये तो होता आणि पुढं अध्यक्षही झाला. १८४० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक झाला आणि नंतर चेअरमनच्या खुर्चीपर्यंत पोचला. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचं राज्य संपलं, त्या उलथापालथीच्या काळात तो कंपनीच्या सर्वात वरच्या माणसांपैकी एक होता.

१८५७ मध्येच तो स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनमधून खासदार म्हणून निवडून आला आणि मरेपर्यंत खासदार राहिला. १८५८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीचा अध्यक्ष झाला. हवामानाची आवड इतकी की उंचावरची हवा मोजायला शास्त्रज्ञांना फुग्यात बसवून आकाशात पाठवायच्या मोहिमेमागंही तो होता.

१६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आयुष्याच्या हिशेबात मासे म्हणजे एक छोटासा कोपरा. पण त्या कोपऱ्याचं महत्त्व तो गेल्यावर वाढत गेलं.

यादीत नसलेले पाहुणे

साइक्सच्या यादीत तिलापिया नाही. कॉमन कार्प नाही. सिल्व्हर कार्प, ग्रास कार्प नाहीत. असणं शक्यच नव्हतं, कारण ते तेव्हा इथं आलेच नव्हते.

ते कसे आले, याचा क्रम असा.

१९२८ मध्ये डासांच्या अळ्या खायला गंबुसिया नावाचा बोटाएवढा मासा भारतात आणला गेला. १९३९ मध्ये श्रीलंकेतून कॉमन कार्प निलगिरीत आला. त्याची दुसरी जात १९५७ मध्ये बँकॉकहून आली आणि हीच पुढं मैदानी भागात पसरली. १९५२ मध्ये मोझांबिक तिलापिया आला. १९५९ मध्ये सिल्व्हर कार्प आणि ग्रास कार्प आले.

हेतू वाईट नव्हता. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, लोकांना स्वस्त प्रथिनं हवी होती. लवकर वाढणारा, काहीही खाणारा, कुठंही जगणारा मासा म्हणजे वरदान वाटत होता. अडचण अशी की जे गुण तळ्यात वरदान ठरतात, तेच नदीत संकट ठरतात.

त्यात धरणं आली. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरी आणि तिच्या खाली सिद्धेश्वर, दोन्ही १९६० च्या दशकातली. १९७६ मध्ये पैठणला जायकवाडी पूर्ण झालं. पुढं परभणी जिल्ह्यात गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे झाले, सेलू तालुक्यात निम्न दुधना झालं.

धरणांनी शेतीला पाणी दिलं. नदीत मात्र वाहतं पाणी कमी झालं आणि साठलेलं वाढलं. साठलेलं पाणी ही पाहुण्या माशांची आवडती जागा.

मासा मरत नाही, जागा सोडतो

आपल्याला वरून नदी म्हणजे एकच पाणी दिसतं. माशाला ती वाड्यासारखी दिसते. ओसरी वेगळी, माजघर वेगळं, परसदार वेगळं.

खळाळत्या पाण्यात, गोट्यांमध्ये राहणारे मासे असतात. मुल्यासारखे छोटे मासे ओठांनी दगडाला चिकटून शेवाळ खरवडतात. खोल डोहात महसीरसारखे मोठे मासे असतात. तळाच्या चिखलात वाम आणि शिंगटी. काठाच्या उथळ पाण्यात, पाणवनस्पतींमध्ये सगळ्यांची पिल्लं, कारण तिथं लपायला जागा असते आणि मोठ्या माशांना यायला अडचण. पावसाळ्यात नदीला पूर आला की अनेक जाती वरच्या अंगाला चढतात आणि अंडी घालतात.

कोणता मासा कुठं, किती खोलीवर, दिवसा कुठं आणि रात्री कुठं, याला शास्त्रज्ञ अधिवासाचा वापर म्हणतात. बाहेरचा मासा आला की सगळ्यात आधी हा वापर बदलतो.

तिलापियाचं बघा. नर काठाच्या उथळ पाण्यात तळाला खड्डा करतो आणि तिथं दुसऱ्याला फिरकू देत नाही. मादी अंडी तोंडात घेऊन उबवते, पिल्लंही तोंडात सांभाळते. त्यामुळं तिची पिल्लं वाचतात. वर्षातून अनेकदा वीण होते. आपले कार्प गटातले मासे मात्र साधारण वर्षातून एकदा, पुराची वाट बघत. जी उथळ जागा आपल्या माशांच्या पिल्लांची शाळा होती, तिथं तिलापियाचं कायमचं बिऱ्हाड बसतं.

कॉमन कार्प तळाचा गाळ तोंडानं ढवळून त्यातलं खाणं शोधतो. पाणी गढूळ होतं, वनस्पती उपटल्या जातात. डोळ्यानं भक्ष्य हेरणाऱ्या माशांना मग ती जागा सोडावी लागते. ग्रास कार्प पाणवनस्पतीच खातो, म्हणजे पिल्लांच्या लपण्याच्या जागाच कमी होतात. गंबुसिया आकारानं इवलासा, पण दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लं खातो आणि मोठ्यांचे पर कुरतडतो.

म्हणजे देशी मासा लगेच मरत नाही. आधी तो चांगल्या जागेवरून वाईट जागेवर ढकलला जातो. जिथं खाणं कमी, लपायला आडोसा कमी, पाणी जास्त गरम. तिथं तो कमी वाढतो, कमी अंडी घालतो, लवकर पकडला जातो. मग काही वर्षांनी लोक म्हणतात की हा मासा हल्ली दिसत नाही.

तो दिसेनासा होतो त्याच्या कितीतरी आधी त्यानं जागा बदललेली असते. ती बदललेली जागा कुणी लिहून ठेवलेली नसेल, तर धोक्याची घंटा वाजली हेच कळत नाही.

अर्थात सगळा दोष पाहुण्या माशांवर टाकून चालत नाही. धरणं, वाळूउपसा, शहरांचं सांडपाणी, बारीक जाळी हे सगळं एकाच वेळी चालू असतं. वाळू उपसली की गोट्या-रेतीत अंडी घालणाऱ्यांची जागा गेली. सांडपाणी आलं की प्राणवायू गेला. अशा पाण्यात चिवट पाहुणा टिकतो आणि देशी मासा हरतो. बरेचदा पाहुणा दार फोडून येत नाही, दार आपणच उघडं ठेवलेलं असतं.

यादी कामाला आली ती अशी

साइक्सनंतर शंभर वर्षांनी, १९४२ मध्ये ए. जी. एल. फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांवर पुन्हा काम केलं. सुंदरलाल होरा आणि मिश्रा यांनीही त्याच वर्षी त्यात भर घातली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यातल्या अभ्यासकांनी परत मुळा-मुठा चाळली.

या तिन्ही टप्प्यांवर आधीची यादी हाताशी होती, म्हणून तुलना करता आली. आधी नोंदलेल्या अनेक जाती शहराजवळच्या पाण्यात आता मिळत नाहीत आणि आधी नसलेल्या बाहेरच्या जाती मिळतात, हे त्यातून समोर आलं. खाली भीमेवर उजनीच्या जलाशयात तर चिलापीच प्रमुख मासा होऊन बसला आहे.

इथं दुसरी बाजूही बघायला हवी. उजनीच्या काठावरच्या हजारो मच्छीमार कुटुंबांचं पोट याच चिलापीवर चालतं. त्यांच्यासाठी तो परका नाही, रोजचा आहे. म्हणून या प्रश्नाचं उत्तर बाहेरचे सगळे मासे हाकला इतकं सोपं नाही. आणि एकदा नदीत पसरलेला तिलापिया हाकलायचा म्हटला तरी हाकलता येत नाही.

मग साइक्सचाच मासा परका झाला

आता तो वाद, जो महागात पडला.

साइक्सनं मुळा-मुठेतून नोंदवलेला खुद्री म्हणजे निळसर परांचा महसीर. विसाव्या शतकात तो कमी होत गेला. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात त्याचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. महसीर वाचवायचा, हा हेतू. प्रयोग यशस्वी झाला. लाखो बोटुकली तयार झाली आणि देशातल्या वेगवेगळ्या नद्यांना दिली गेली.

त्यातली एक नदी कावेरी.

कावेरीत आधीच एक महसीर होता. पाठीवर उंचवटा असलेला, पन्नास किलोच्या वर जाणारा, जगातल्या सर्वात मोठ्या महसीरांपैकी एक. त्याला वेगळं अधिकृत नाव नव्हतं. अनेक वर्षं काही शास्त्रज्ञ त्याला साइक्सच्याच यादीतला मसुल्ला समजत होते, म्हणजे शिरूरजवळच्या घोड नदीतला मासा. प्रत्यक्षात मसुल्ला निराळ्याच गटातला आहे. ही चूक २०१३ च्या सुमारास दुरुस्त झाली आणि कावेरीचा हा राक्षस पुन्हा बिननावाचा झाला. २०१८ मध्ये त्याची खरी ओळख पटली. केरळमधून २००७ मध्ये टोर रेमादेवी या नावानं नोंदवला गेलेला मासा तो हाच होता.

तोवर उशीर झाला होता. गळ टाकून मासे धरून परत सोडणाऱ्या शौकिनांनी कर्नाटकात कावेरीकाठी १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी ठेवल्या होत्या. त्या अभ्यासकांनी तपासल्या. लोणावळ्याहून आलेल्या खुद्रीच्या वंशाचे मासे वाढत गेले होते आणि उंचवट्याचा महसीर कमी होत गेला होता. त्याची लहान पिल्लं तर जवळपास दिसेनाशी झाली होती. एकाच नदीच्या डोहांत, एकाच प्रकारच्या खाण्यावर दोन मोठे महसीर, आणि त्यातल्या एकाच्या मागं हॅचरीची कुमक.

आज टोर रेमादेवी अतिसंकटग्रस्त यादीत आहे. खुद्री मात्र संकटग्रस्त यादीतून बाहेर आला आहे.

म्हणजे परका मासा म्हणजे परदेशी मासा, हा समज चुकीचा आहे. पुण्याचा महसीर कावेरीत परकाच. तसे गंगेकडचे रोहू-मृगळ गोदावरीत परकेच. माशाला देश नसतो, खोरं असतं. आणि हे कळायला कोणता मासा मुळात कुठल्या खोऱ्यातला, याची कुणीतरी प्रामाणिकपणे केलेली नोंद लागते.

परभणीसाठी यात काय आहे?

साइक्सनं लिहिलेले बरेच मासे कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही खोऱ्यांमधले आहेत. बोगट, पोटैल, फुलंगी, कोलुस, खुद्री ही नावं गोदावरीलाही लागू होतात. चिल्ड्रनच्या नावाचा शिलोनिया हा मोठा शिकारी मासा कृष्णा-गोदावरीचाच, आणि आज तो धोक्यात आहे. त्यामुळं साइक्सची यादी परभणीच्या नदीची नसली, तरी गोदावरीत पूर्वी कोण राहत असावं याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो.

पण अंदाज तो अंदाजच. गंगाखेडच्या डोहात, पूर्णा-गोदावरीच्या संगमाजवळ, येलदरीच्या खालच्या खडकाळ पात्रात दोनशे वर्षांपूर्वी कोण कुठं होतं, हे लिहायला कुणी आलं नाही.

अशा वेळी जे उरलंय ते माणसांच्या डोक्यात आहे. गोदाकाठच्या जुन्या भोयांना कोणता मासा कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्यात यायचा हे आठवतं. साइक्सनं तेच केलं होतं. काठावरच्या माणसाला विचारलं, त्यानं दिलेलं नाव जपलं आणि पुढं नदीचं नाव लिहिलं. तेव्हाचं काम महसुलासाठी झालं होतं, आज ते नदीसाठी करता येतं.

दुसरी गोष्ट बोटुकल्यांची. दरवर्षी धरणात आणि तलावात मत्स्यबीज सोडलं जातं. बंदिस्त शेततळ्यातला मासा आणि नदीला जोडलेल्या जलाशयातला मासा यात फरक आहे. पुरात जलाशयातला मासा सांडव्यावरून नदीत उतरतो आणि मग त्याला परत बोलावता येत नाही. म्हणून काय सोडायचं यापेक्षा कुठं सोडायचं हा प्रश्न मोठा आहे. आफ्रिकन मांगूरवर देशात बंदी आहे ती याचमुळं. हा मांसाहारी मासा हवेतून श्वास घेतो, चिखलातही तगतो आणि सुटला तर समोर येईल ते खातो. घरच्या टाकीतला नकोसा झालेला शोभेचा मासा नदीत सोडणंही त्याच प्रकारात मोडतं. भीमेत आता सकरफिश सापडतो तो अशाच दयेतून आलेला मानला जातो.

तिसरी गोष्ट जागेची. देशी मासा टिकवायचा तर त्याची जागा टिकायला हवी. थोडं तरी वाहतं पाणी, न उपसलेली थोडी रेती, उन्हाळ्यात न आटणारे डोह. रायगडमध्ये महाडजवळ वाळण कोंडीला लोकांनी श्रद्धेपोटी डोहातले महसीर धरायचे नाहीत असं ठरवलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. डोह राखला की मासा राहतो.

साइक्स पेशव्यांविरुद्ध लढला, कंपनीचा चेअरमन झाला, खासदार झाला. यातलं बरंचसं आज कुणाला आठवत नाही. पण मुळा-मुठेच्या काठावर कुणा अनाम भोयानं जाळ्यातला मासा दाखवून खुद्री म्हटलं आणि कर्नलनं ते लिहून घेतलं, तो शब्द अजून जगभर चालतो. गोदावरीच्या माशांची परभणीकडची नावंही कुणाच्या तरी ओठांवर आहेत. ती लिहून घ्यायला फार वर्षं हातात नाहीत.